घरी बरोबर, छापखान्यात चूक : मराठी फाइलमधला फॉन्टचा बिघाड कसा शोधावा

इंदूरमधल्या मराठी मंडळांचे अहवाल, स्मरणिका, कार्यक्रमपत्रिका आणि लग्नपत्रिका यांची अक्षरजुळणी मी करतो. 'घरी अगदी बरोबर दिसत होते, छापखान्यात गेल्यावर अक्षरे बिघडली' ही तक्रार माझ्याकडे वर्षभर येते, आणि गणपती जवळ आले की रोज येते. तक्रार एकच असली तरी तिच्यामागचे बिघाड निरनिराळे असतात, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून खाली आधी लक्षणे सांगितली आहेत आणि मग तपासण्या. फुकटात होणाऱ्या तपासण्या पुढे घेतल्या आहेत, वेळ आणि पैसा खाणाऱ्या मागे ठेवल्या आहेत.

आपल्या शहरात या तक्रारीला एक स्थानिक पदरही आहे. राजवाड्याच्या आसपासचे काय किंवा इतरत्रचे काय, बहुतेक छापखाने हिंदी कामावर चालतात. तिथल्या संगणकांवर कृतिदेवसारखे हिंदी फॉन्ट भरलेले असतात, आणि ऑपरेटरची नजर हिंदीला सरावलेली असल्यामुळे मराठी मजकुरातला ळ, ऱ्य किंवा ॲ गळाला तरी त्याला काही खटकत नाही. यात त्याचा दोष नाही. पण मराठी प्रूफ मराठी वाचणाऱ्यानेच पाहायचे, एवढे त्यातून ठरते.

लक्षणे

सर्वांत भडक लक्षण म्हणजे संपूर्ण मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची किंवा टोप्या घातलेल्या चिन्हांची निरर्थक माळ दिसणे. असा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत, नसतो. तो कृतिदेव, शिवाजी किंवा श्रीलिपीतल्या एखाद्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला असतो आणि तो फॉन्ट समोरच्या यंत्रावर नसतो. या जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात, त्यामुळे फाइलमध्ये साठते ते इंग्रजी अक्षरच. 'इंदौर' हे हिंदी नाव कृतिदेवमध्ये टंकले, तर फाइलमध्ये बी, ए, एन, के, मोठा एस आणि जे ही अक्षरे जातात. फॉन्ट हरवला की पत्त्याच्या शेवटच्या ओळीत इंग्रजी 'बँक' उगवते आणि तिला एस-जे चिकटलेले असते. अशी 'बँक' दिसली की निदान तिथेच झाले असे समजावे.

दुसरे लक्षण म्हणजे रिकामे चौकोन. सगळा मजकूर चौकोनी झाला असेल तर त्या यंत्रावर देवनागरी दाखवू शकणारा फॉन्टच पोहोचलेला नाही. मात्र मधूनच एखादा चौकोन असेल, विशेषतः कार्यकारिणीच्या यादीतल्या 'ॲड.' या उपाधीत, तर फॉन्ट आहे पण जुना आहे. ॲ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले आणि त्याआधीच्या फॉन्टांत ते नसते. याउलट ॲ च्या जागी अ आणि शेजारी तुटक ठिपक्यांचे वर्तुळ दिसत असेल, तर फॉन्टचा काहीच दोष नाही. कोणीतरी अ टंकून त्यावर वेगळा चंद्र ठेवला आहे, आणि काही नव्या सॉफ्टवेअरना ही जोडणी मान्य नाही.

तिसरे लक्षण सहज निसटते, आणि माझ्या मते तेच सर्वांत घातक आहे. अक्षरे देवनागरीच असतात, मजकूर वाचताही येतो, पण वळण बदललेले असते, ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि बत्तीस पानांच्या अहवालाची चौतीस पाने होतात. इथे मूळ फॉन्टच्या जागी दुसरा फॉन्ट आपोआप बसलेला असतो. बहुतेक वेळा पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श जाऊन त्यांच्या जागी हिंदी वळणाचे ल आणि श आलेले असतात. मराठी वाचकाला पाहताक्षणी खूण पटावी अशी ही जागा आहे.

चौथ्या लक्षणात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येते, जोडाक्षरे सुटतात आणि अक्षरांचे पाय मोडलेले दिसतात. फॉन्ट कदाचित पूर्णपणे हजर असतो; जोडणीचे नियम चालवणारे सॉफ्टवेअर मात्र त्या नियमांकडे पाहत नाही. पाचवे लक्षण असे की पडद्यावर सर्व ठीक असते आणि कागदावरच चूक उमटते. सहावे लक्षण छपाईपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही : पीडीएफ दिसते आणि छापतेही उत्तम, पण तिच्यातून मजकूर कॉपी केला किंवा शब्द शोधला तर हाती कचरा येतो.

फाइलमध्ये नेमके काय साठते

तपासण्यांचा क्रम कळावा म्हणून एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. वर्डच्या फाइलमध्ये साधारणपणे अक्षरांचे सांकेतिक क्रमांक आणि फॉन्टचे नाव एवढेच असते. फॉन्ट स्वतः नसतो. फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडली की ते यंत्र त्या नावाचा फॉन्ट आपल्याकडे शोधते आणि तो नसेल तर दुसरा घेते. मजकूर युनिकोड असेल तर तो वाचण्याजोगा राहतो, फक्त मांडणी बिघडते.

पीडीएफची गोष्ट वेगळी आहे. पान कुठेही उघडले तरी सारखेच दिसावे, याच हेतूने ॲडोबीने १९९३ साली हा प्रकार आणला, आणि म्हणून तिच्यात फॉन्ट आत घालण्याची, म्हणजे एम्बेड करण्याची, सोय सुरुवातीपासून आहे. पण ही सोय आहे, सक्ती नाही. फॉन्ट आत नसेल तर वाचक सॉफ्टवेअर फाइलमध्ये नोंदलेल्या रुंदी, जाडी, तिरपेपणा अशा मापांवरून त्यातल्या त्यात जवळचा फॉन्ट बसवते. इंग्रजीत हे बऱ्यापैकी साधते, कारण अक्षर कोणते आहे ते ठाऊक असते आणि फक्त त्याचा आकार उसना घ्यायचा असतो. पीडीएफमध्ये ज्यांना मानक म्हटले जाते असे चौदा फॉन्ट ठरलेले आहेत आणि त्यांत देवनागरीचा एकही नाही. शिवाय देवनागरीच्या पीडीएफमध्ये बहुधा अक्षराचा युनिकोड क्रमांक न साठता त्या विशिष्ट फॉन्टमधल्या आकृतीचा क्रमांक साठतो. एका फॉन्टमध्ये ज्या क्रमांकावर 'क्ष' आहे, त्याच क्रमांकावर दुसऱ्यात अर्धा घ असू शकतो. थोडक्यात, मूळ फॉन्ट आत नसलेली मराठी पीडीएफ ही खोली क्रमांक लिहिलेल्या पण लॉजचे नाव नसलेल्या किल्लीसारखी असते.

यावरून हेही ठरते की उपाय बहुतेक वेळा फाइल पाठवणाऱ्याच्या यंत्रावर करायचा असतो, घेणाऱ्याच्या नव्हे. 'फाँट भेज दीजिए' हे छापखान्यातले ठरलेले उत्तर मी शेवटच्या उपायांत धरतो, आणि का ते पुढे येईलच.

पहिली तपासणी : तीच फाइल दुसरीकडे उघडून पाहणे

याला काहीही खर्च नाही. फाइल स्वतःच्या फोनवर आणि घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या संगणकावर उघडावी. मात्र ती जशीच्या तशी उघडावी. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी आणि पडद्याचे छायाचित्र पाठवू नये. पीडीएफ तिन्ही ठिकाणी सारखीच चुकत असेल तर बिघाड फाइलमध्ये आहे. फक्त छापखान्यात चुकत असेल तर एकतर फॉन्ट फाइलमध्ये नाही आणि तुमच्या यंत्रांवर तो योगायोगाने आहे, किंवा बिघाड छपाईच्या बाजूला आहे. ही तपासणी टाळली तर पुढचे सगळे काम चुकीच्या यंत्रावर होण्याची भीती असते.

एक सावधगिरी घ्यावी. वर्डची फाइल फोनवर वेगळी दिसली म्हणून घाबरू नये. बहुतेक अँड्रॉइड फोनवर देवनागरीसाठी नोटो हा फॉन्ट असतो आणि फोन तोच वापरणार. वर्डच्या फाइलबाबत फोनवरून एवढेच ठरवावे की मजकूर वाचता येतो की इंग्रजी अक्षरे दिसतात.

दुसरी तपासणी : पीडीएफची फॉन्ट-यादी वाचणे

ॲक्रोबॅट रीडर फुकट मिळतो. त्यात फाइल उघडून कंट्रोल आणि डी ही कळ दाबली की गुणधर्मांची चौकट येते आणि तिच्यात 'फॉन्ट्स' असा भाग असतो. प्रत्येक फॉन्टच्या नावापुढे 'एम्बेडेड' किंवा 'एम्बेडेड सबसेट' असे लिहिलेले असेल तर तो फॉन्ट फाइलमध्ये आहे. तसे लिहिलेले नसेल, आणि खाली 'ॲक्चुअल फॉन्ट' म्हणून दुसरेच नाव दिसत असेल, तर अदलाबदल झाली आहे. कोणाच्या जागी कोण आला हे ती यादीच सांगते.

सबसेट या शब्दाने पुष्कळ लोक बिचकतात. त्याचा अर्थ एवढाच की फॉन्टमधल्या वापरलेल्या आकृत्याच फाइलमध्ये घातल्या आहेत. अशा फॉन्टच्या नावाआधी सहा मोठी इंग्रजी अक्षरे आणि अधिकचे चिन्ह असते. तो व्हायरस नव्हे आणि चूकही नव्हे. छपाईसाठी सबसेट पुरेसा आहे. मात्र छापखान्यात ऐनवेळी पीडीएफमध्येच एखादे नाव बदलायचे ठरले आणि त्या नावातले जोडाक्षर मूळ मजकुरात कुठेच आलेले नसेल, तर ते तिथे उमटणार नाही. दुरुस्ती मूळ फाइलमध्ये करून पीडीएफ नव्याने काढावी.

ही यादी पूर्ण, अगदी शेवटच्या नावापर्यंत वाचावी. सगळा मजकूर एका फॉन्टमध्ये असला तरी पानांचे आकडे, जाहिरातींची चौकट किंवा कोणीतरी चिकटवलेला शोकसंदेश दुसऱ्याच फॉन्टमध्ये असतो, आणि नेमका तोच आत नसतो.

तिसरी तपासणी : मजकूर युनिकोड आहे की जुन्या फॉन्टमधला

मूळ फाइलमधला एक परिच्छेद कॉपी करून स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवावा किंवा नोटपॅडमध्ये चिकटवावा. देवनागरी राहिली तर युनिकोड, इंग्रजी अक्षरे झाली तर जुना फॉन्ट. कामाला एक मिनिटही लागत नाही, आणि पुढचा मार्ग यावरच फुटतो. मजकूर जुन्या फॉन्टमधला असेल तर दुसरा कोणताही फॉन्ट बसवून तो सुधारणार नाही. नेमका तोच फॉन्ट लागेल. 'त्यासारखाच दुसरा' चालत नाही, कारण निरनिराळ्या संस्थांच्या जुन्या फॉन्टांत देवनागरीचे तुकडे निरनिराळ्या कळांवर बसवलेले आहेत.

आपल्याकडच्या द्विभाषिक पत्रिकांत दोन्ही प्रकार एकत्र नांदतात. मराठी मजकूर घरी युनिकोडमध्ये टंकलेला असतो, आणि स्थळ, संपर्क व प्रायोजक यांचा हिंदी मजकूर छापखान्याने मागच्या वर्षीच्या कृतिदेव फाइलमधून उचललेला असतो. अशा वेळी 'वरचे बरोबर, खालचे चूक' अशी तक्रार येते आणि लोक फाइल खराब झाली असे समजतात. वरच्या आणि खालच्या मजकुराची तपासणी वेगवेगळी करावी.

चौथी तपासणी : वर्ड कोणता फॉन्ट खरोखर वापरत आहे

वर्डमधली एक गोष्ट भल्याभल्यांना चकवते. फॉन्ट यंत्रावर नसला तरी वरच्या चौकटीत त्याचे नाव तसेच दिसत राहते, आणि पडद्यावरची अक्षरे मात्र दुसऱ्या फॉन्टची असतात. खरे काय ते पाहण्यासाठी 'ऑप्शन्स'मधल्या 'ॲडव्हान्स्ड' विभागात 'फॉन्ट सब्स्टिट्यूशन' नावाचे बटण आहे. फाइलमध्ये हरवलेले फॉन्ट असतील तर ते आणि त्यांच्या बदल्यात बसलेले फॉन्ट तिथे दिसतात. त्याच चौकटीत बदल कायमचा करण्याचे बटण असते. तपास पूर्ण होईपर्यंत त्याला हात लावू नये, कारण मूळ फॉन्टचे नाव फाइलमधून पुसले गेले की पुढच्या माणसाला काय हरवले होते हेच कळणार नाही. लिब्रेऑफिस या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे. हरवलेल्या फॉन्टचे नाव ते तिरप्या अक्षरांत दाखवते.

दुसरी चकवणारी गोष्ट म्हणजे वर्ड प्रत्येक मजकुरासाठी एकाहून अधिक फॉन्टची नोंद ठेवते. इंग्रजीसाठी एक जागा असते आणि देवनागरी, अरबी अशा लिपींसाठी 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' नावाची वेगळी जागा असते. युनिकोड मराठीला दुसऱ्या जागेतला फॉन्ट आणि त्याच जागेतला आकार लागू होतो. कृतिदेवसारखा जुना फॉन्ट मात्र पहिल्या जागेत बसतो, कारण वर्डच्या दृष्टीने तो मजकूर इंग्रजी असतो. शीर्षकाला 'मुक्त' हा फॉन्ट लावला, पहिल्या जागेत तो बसलाही, पण दुसऱ्या जागेत विंडोजचा 'मंगल' हा फॉन्टच राहिला, असे सर्रास घडते. कंट्रोल आणि डी दाबून उघडणाऱ्या फॉन्टच्या चौकटीत दोन्ही जागा भरून पाहाव्यात. 'मी फॉन्ट बदलला पण अक्षर बदलतच नाही' या तक्रारीचा उगम बहुधा इथेच असतो.

पाचवी तपासणी : यंत्रावर फॉन्ट नीट बसला आहे का

विंडोज १० पासून देवनागरीसाठी मूळ फॉन्ट निर्मला हा आहे. मंगल, कोकिळा, अपराजिता आणि उत्साह हे 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' नावाच्या ऐच्छिक संचात गेले आहेत. हिंदी किंवा मराठी भाषा यंत्रावर जोडली की हा संच येतो; फक्त इंग्रजी ठेवलेल्या नव्या लॅपटॉपवर तो नसतो. त्यामुळे मंगलमध्ये जुळवलेली जुनी फाइल नव्या लॅपटॉपवर बदललेली दिसते आणि दोष लॅपटॉपला दिला जातो. सेटिंग्जमध्ये 'ऑप्शनल फीचर्स'मधून हा संच जोडता येतो, पैसे लागत नाहीत.

बाहेरून आणलेला फॉन्ट बसवताना फाइलवर उजवी कळ दाबून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' हा पर्याय निवडावा. विंडोज १० च्या अलीकडच्या आवृत्त्यांत साधे 'इन्स्टॉल' केल्यास फॉन्ट फक्त त्या एका खात्यापुरता बसतो, आणि काही जुन्या सॉफ्टवेअरना तो दिसतच नाही. एकाच नावाच्या दोन आवृत्त्या असतील तर जुनी काढून टाकावी. दोन्हींत अक्षरांची रुंदी किंचित वेगळी असली तरी ओळी सरकतात. फॉन्ट बसवल्यावर सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून पुन्हा उघडावे.

सहावी तपासणी : पीडीएफ नव्याने, योग्य रीतीने काढणे

इथपर्यंत आल्यावर बहुतेक कामे या एका पायरीत सुटतात. ज्या यंत्रावर मजकूर बरोबर दिसतो त्याच यंत्रावर पीडीएफ काढावी. वर्डमध्ये पीडीएफ म्हणून जतन करताना 'ऑप्शन्स' उघडून पीडीएफ/ए चा पर्याय निवडावा. हा दीर्घकाळ जतनासाठी २००५ साली ठरलेला मानक आहे आणि त्याची अटच अशी की वापरलेला प्रत्येक फॉन्ट फाइलमध्ये असला पाहिजे. मंडळाच्या अहवालाला जतनाचा मानक कशाला, असे वाटेल. पण आपल्याला त्यातली ती एक अटच हवी आहे. पीडीएफ काढल्यावर दुसरी तपासणी पुन्हा करावी. हे पुन्हा पाहणे बहुतेक जण टाळतात.

वर्डची फाइलच पाठवायची असेल तर 'सेव्ह' विभागात फॉन्ट फाइलमध्ये एम्बेड करण्याची खूण करावी. तिच्याखाली दोन छोट्या खुणा असतात. 'फक्त वापरलेली अक्षरे' ही खूण काढून टाकावी, नाहीतर समोरच्याला दुरुस्ती करता येणार नाही. 'सामान्य सिस्टिम फॉन्ट एम्बेड करू नयेत' हीही काढावी, कारण सामान्य समजला गेलेला फॉन्ट समोर असेलच असे नाही. गुगल डॉक्समध्ये अशी फाइल उघडली तर आत घातलेल्या फॉन्टचा उपयोग होत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

काही फॉन्ट आत जायलाच नकार देतात. प्रत्येक फॉन्टच्या आत त्याच्या निर्मात्याने एम्बेड करण्याची परवानगी नोंदलेली असते. विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये 'फॉन्ट एम्बेडेबिलिटी' या नोंदीत ती वाचता येते. तिथे 'रिस्ट्रिक्टेड' असेल तर सॉफ्टवेअर तो फॉन्ट मुकाट्याने बाहेर ठेवते, आणि वर्डमध्ये तशी खूण केलेली असेल तर त्याच्या जागी अक्षरांची चित्रे घालते. ही नोंद बदलून देणारी साधने फिरत असतात. ती वापरू नयेत, तो परवान्याचा भंग आहे. मुक्त, बलू, नोटो किंवा टिरो देवनागरी मराठी यांसारखे खुल्या परवान्याचे फॉन्ट वापरले तर हा प्रश्न येतच नाही, आणि फॉन्टची फाइल छापखान्याला देणेही नियमात बसते. विकत घेतलेल्या फॉन्टची फाइल अशी देता येईलच असे नाही. म्हणून 'फॉन्ट पाठवा' हा मार्ग मी शेवटी ठेवतो. शिवाय त्यांच्याकडे त्याच नावाची दुसरी आवृत्ती आधीच असेल, तर फॉन्ट पाठवूनही ओळी सरकतातच.

सातवी तपासणी : जोडाक्षरे सुटत असतील तर

या बिघाडात फॉन्ट बदलून काही होत नाही. इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदासाठी 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' निवडलेला असावा लागतो, आणि फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत मजकुराचे इंजिन दक्षिण आशियाई लिपींचे हवे. कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्त्यांना देवनागरीच्या जोडणीचे नियम चालवता येत नाहीत, आणि पेजमेकरला तर युनिकोडच कळत नाही. छापखाना अजून त्यांवरच काम करत असेल तर युनिकोड मजकूर त्यांत चिकटवण्याचा आग्रह धरू नये. तुमच्याकडे काढलेली, फॉन्ट आत असलेली पीडीएफ जशीच्या तशी छापायला सांगावे.

इनडिझाइनमध्ये मजकुराची भाषा हिंदी ऐवजी मराठी ठेवून पाहावी. काही फॉन्टांत ल आणि श यांची दोन्ही वळणे असतात आणि भाषेच्या नोंदीवरून त्यांतले एक निवडले जाते. हिंदी वळण आले म्हणजे फॉन्ट बदललाच, असे प्रत्येक वेळी नसते.

आठवी तपासणी : फक्त कागदावरच चूक असेल तर

ॲक्रोबॅट रीडरच्या छपाईच्या चौकटीत 'ॲडव्हान्स्ड' मध्ये 'प्रिंट ॲज इमेज' असा पर्याय आहे. तो वापरून छापलेले पान बरोबर आले तर फाइल निर्दोष आहे, आणि प्रिंटर किंवा त्याचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकावरून तो चालवणारे सॉफ्टवेअर, स्वतःकडचे फॉन्ट मधे घुसवत आहे. ड्रायव्हर नव्याने बसवावा. घाई असेल तर एवढे पान चित्र म्हणून छापून घ्यावे. लहान अक्षरांच्या कडा किंचित मऊ होतात, एवढाच तोटा.

नववी : कर्व्ह करणे

छापखान्यांचा हा आवडता उपाय आहे. मजकुराच्या आकृत्यांच्या बाह्यरेषा केल्या की फॉन्टची गरजच उरत नाही. एकपानी पत्रिका, फ्लेक्स किंवा मुखपृष्ठ यांसाठी तो उत्तम. शंभर पानांच्या स्मरणिकेसाठी मी तो करू देत नाही. मजकूर शोधता येत नाही, एक वेलांटीही दुरुस्त करता येत नाही, दृष्टिहीन वाचकाच्या यंत्राला त्यात वाचण्यासारखे काही उरत नाही, आणि लहान आकारात अक्षरे जाड छापली जातात. कर्व्ह करण्याआधी मूळ फाइल वेगळ्या नावाने जतन करून ठेवावी. आणि अक्षरे आधीच बदललेली असतील तर चुकीच्याच अक्षरांच्या बाह्यरेषा तयार होतात, म्हणून प्रूफ आधी वाचावे.

दहावी : जुना मजकूर युनिकोडमध्ये नेणे

दरवर्षी तीच कृतिदेव किंवा श्रीलिपी फाइल त्रास देत असेल तर तिचे एकदाच रूपांतर करणे हा खरा उपाय आहे, पण तो मेहनतीचा आहे. रूपांतर करणारी साधने फुकट मिळतात. मात्र साधन त्या नेमक्या फॉन्टसाठीच केलेले असावे. रूपांतरानंतर ऱ्हस्व वेलांटी, रफार, ळ, ॲ आणि ऱ्य या जागा एकेक करून तपासाव्यात. हिंदीसाठी केलेली साधने ऱ्य चा सरळ र्य करतात. मग जमाखर्चात 'महाप्रसाद : आचाऱ्यांचे मानधन' असे होते तिथे 'आचार्यांचे मानधन' छापले जाते, आणि सभासद विचारतात की हे कोणते आचार्य आले होते. शुद्धलेखन तपासनीसाला यात चूक दिसत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत.

सहाव्या लक्षणाचा, म्हणजे दिसायला बरोबर पण कॉपी केल्यावर कचरा देणाऱ्या पीडीएफचा, उपायही इथेच आहे. तिच्यात आकृतीचा क्रमांक कोणत्या अक्षराचा आहे हे सांगणारी सारणी नसते किंवा चुकीची असते. छपाईपुरते त्याने काही बिघडत नाही. मजकूर हवा असेल तर मूळ फाइल शोधावी. ती नसेल तर पुन्हा टंकावा.

कुठे थांबावे

पुढील प्रसंगी स्वतः खटपट न करता जाणकाराकडे जावे. छपाईच्या प्लेटा निघाल्या असतील तर छपाई ताबडतोब थांबवायला सांगावे आणि पुढचे छापखान्याच्या प्रीप्रेस, म्हणजे छपाईपूर्व तयारीच्या, विभागाला करू द्यावे. त्या टप्प्यावर घरून पाठवलेली 'नवी' पीडीएफ गोंधळ वाढवते. दोन यंत्रांवर, दोन वाचक सॉफ्टवेअरमध्ये बरोबर दिसणारी आणि सर्व फॉन्ट आत असलेली फाइल छापखान्याच्याच यंत्रणेत बिघडत असेल तर दोष त्यांच्या बाजूला आहे, आणि तो त्यांच्या तंत्रज्ञानेच शोधायचा. फॉन्टच्या परवान्याने एम्बेड करण्यास मनाई केली असेल तर विक्रेत्याकडून योग्य परवाना घ्यावा. मूळ फाइल हरवली असून फक्त पीडीएफ उरली असेल आणि तिच्यातून फॉन्ट 'काढून' देतो असे कोणी म्हणत असेल, तर पैसे देऊ नयेत; सबसेटमध्ये सगळा फॉन्ट नसतोच.

डिजिटल स्वाक्षरी असलेल्या कागदपत्रांना तर हातच लावू नये. ज्या कार्यालयाने ते दिले, त्याच्याकडूनच नवी प्रत मागावी, कारण फॉन्ट सुधारण्यासाठी फाइल पुन्हा जतन केली की स्वाक्षरी अवैध ठरू शकते. न्यायालयात किंवा नोंदणीसाठी द्यायच्या कागदांत नाव, आकडा किंवा तारीख बदललेली दिसली, तर तिथेही दुरुस्ती मूळ देणाऱ्यानेच करायची.

जाणकाराकडे जाताना मूळ फाइल, तिची पीडीएफ, फॉन्टचे पूर्ण नाव, ज्या यंत्रावर ती बरोबर दिसते त्यावरची विंडोज आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती, चुकलेल्या पानाचे छायाचित्र आणि त्याच पानाचा घरच्या प्रिंटरवर काढलेला बरोबर छापील कागद न्यावा. या शेवटच्या कागदावर बदललेली अक्षरे पेन्सिलीने गोल करून ठेवली तर मराठी न वाचणाऱ्या तंत्रज्ञालाही काय शोधायचे ते लगेच कळते.